पिहूला विचारू

आमच्या घरी कोणी आलं की आई आधी त्याच्या पिशवीकडे बघायची आणि मग तोंडाकडे. तोंड काहीही सांगेल, पिशवी खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. तसा तिचा कोणावरच विश्वास नव्हता. बाबा स्वतः तळ्यावरून मासे घेऊन यायचे, पाण्यातून निघून अर्धा तासही झालेला नसायचा, तरी ही मरळीचे कल्ले उघडून बघणार. "कालचे तं नाई नं?" बाबा म्हणायचे, "आता त्यालेच इचार." शेजारणीनं वाटीभर भाजी पाठवली तर हिचं आपल्याकडे काय अडलं असेल याचा आई आधी विचार करायची आणि मग भाजी खायची. अशा घरात मी वाढले. साहजिकच माझ्यातही तो गुण उतरला. फरक एवढाच की आई बघून गप्प बसायची आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नसे. मी तेरा वर्षांची होते, आणि गावातलं कोणतंही बोलणं माझ्या कानांवरून गेल्याशिवाय पुरं होत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

गाव एकोडीच्या पलीकडे, तळ्याच्या पाळीखाली. हिवाळा म्हणजे आमचे गर्दीचे दिवस. धान निघून गेलेलं असायचं, बांध्यांमधल्या ओलीवर लाखोळी हिरवी व्हायची आणि तळ्याचं पाणी उतरलेलं असल्यामुळे मासे हाताशी यायचे. सकाळी धुक्यात बाबांचा डोंगा दिसायचा नाही, नुसतं पाण्यावर काठी आपटल्याचं ठप, ठप ऐकू यायचं. मासे जाळ्याकडे हाकलायची ती रीत. इकडे चुलीवर शिंगाडे उकडायचा मोठा गंज चढलेला. शिंगाड्याचा मातकट वास, ओल्या जाळ्याचा वास, सुकत घातलेल्या झिंग्यांचा वास. बाहेरच्या माणसाला तो वास सोसत नाही हे मला लग्नानंतर कळलं. तोवर घराला वास असतो हेच मला माहीत नव्हतं.

त्या वर्षी नाताळच्या सुट्ट्या लागायच्या चार दिवस आधीच ताई आली. तिला नागपूरला देऊन सहा वर्षं झाली होती. एरवी भाऊजी तिला आणून सोडत, चहा पिऊन परत जात. या वेळी ती एकटीच एसटीतून उतरली, एका हातात पिहू आणि दुसऱ्या हातात दोन पिशव्या. पिहू चार वर्षांची, तिची मुलगी. माकडटोपी, लाल नाक, पायात चालताना चमकणाऱ्या दिव्यांचे बूट. आईनं पिहूच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कडाकडा मोडली आणि लगेच पिशव्या सोडायला बसली, म्हणजे ताईचे कष्ट वाचावेत म्हणून. स्वेटर निघाले, पायमोजे निघाले. मग तळाशी हात गेला आणि तिनं बिनबाह्यांचे तीन पातळ फ्रॉक बाहेर काढले.

"हे कायले वं? थंडीत उन्हाळ्याचे कपडे?"

"चुकून आले असतीन," ताई म्हणाली आणि पिहूला घेऊन हातपाय धुवायला गेली.

आईनं ते फ्रॉक घडी करून परत तसेच ठेवले. माझ्याकडे बघितलं. मी समजले. चुकून एक फ्रॉक येतो, तीन येत नाहीत.

त्या दिवसापासून घरात एक वेगळाच उद्योग सुरू झाला. ताईला थेट कोणी काही विचारत नव्हतं. विचारायचं ते पिहूला. आई तिला तेल लावता लावता विचारायची, "पप्पा मम्मीवर रागवते का वं?" बाबा संध्याकाळी गोरसीशी बसून निखाऱ्यांवर हात शेकायचे आणि सोललेला शिंगाडा तिच्या पुढे धरून म्हणायचे, "पप्पा आपल्याले न्यायले कधी येणार हाय?" मी दुकानातून शेंगदाण्याची चिक्की आणून ठेवली होती, ती खिशात घेऊन फिरायचे. पिहू शहाणी होती. दोन दिवसांत तिच्या ध्यानात आलं की या घरात उत्तराला खाऊ मिळतो. मग ती आधी हात पुढे करायची आणि म्हणायची, "काय देशील?" दिलं की बोलायची, पण तिच्या मनात येईल ते. पप्पांची गाडी निळी आहे. दादी टीव्ही बघताना झोपते. शाळेत एक मुलगा चावतो. नागपूरच्या घरची एवढी माहिती आम्हाला सहा वर्षांत मिळाली नव्हती, पण हवी ती काही मिळेना.

आज हे लिहिताना मला हसू येतं आणि लाजही वाटते. लेकरू सुट्टीला आलं होतं. तिला पाळीवर बगळे बघायचे होते, वाळूत पाय खुपसायचे होते, बाबांच्या टोपलीतल्या माशांना नावं द्यायची होती. ती ते करायचीही. एका वाघूर माशाला मिशा आहेत म्हणून त्याला ती आजोबा म्हणायला लागली आणि तो कापू देईना. बाबांनी तो तिच्या देखत तळ्यात सोडला. दुपारी ती ऊन बघून धानाच्या तणसावर झोपायची, अंगभर तणसाची कुसळं. तांदळाच्या धिरड्यांसारखे आयते केले की तव्यावरचा पहिला तिचा. घर कसं भरल्यासारखं वाटायचं. आणि त्या भरल्या घरात आम्ही तिघं डोळ्यांत तेल घालून तिच्या आईकडे बघत होतो.

पाचव्या दिवशी आईनं वांग्यात झिंगे केले. ताईला झिंगे म्हणजे जीव की प्राण. पण फोडणीत झिंगे पडले आणि ती नाकाला पदर लावून मागच्या परसात, सांदवाडीत निघून गेली. "डोकं दुखून राहिलं," म्हणाली. जेवायला नुसता भात आणि लाखोळीची भाजी घेतली. आईच्या मनातला संशय तेव्हाच बदलला. नवऱ्याशी भांडून आलेली बाई झिंगे कशाला टाकेल?

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. पोटुशी बाई जाळं ओलांडत नाही. वळसा घालून जाईल, थांबून राहील, पण जाळ्यावरून पाय टाकणार नाही. टाकला तर जाळ्याला मासा लागत नाही आणि पोटातल्या बाळाला नाळेचा वेढा बसतो, असं आमच्याकडे धरतात. मी शिकलेली आहे, आता हे मानत नाही. पण माझ्या दोन्ही खेपांना माहेरच्या अंगणातून मी वळसा घालूनच गेले, हेही खरं. कोणी काही न सांगताच आमच्याकडे कित्येक बायकांची बातमी अशी फुटलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं बाबांचं मोठं जाळं सांदवाडीच्या दारात पसरलं आणि मधे सुतळी घेऊन दुरुस्तीला बसली. जाळं फाटलेलं नव्हतं. अंगणात लख्ख ऊन होतं, ते सोडून ती दाराच्या अंधारात बसली होती. मी तांदूळ निवडायचं सोंग घेऊन समोर. ताई विहिरीवरून कमरेवर पाण्याचा गुंड घेऊन आली. दाराशी आली आणि थांबली. किती थांबली म्हणाल तर एक श्वास घेण्याइतकी. मग तिनं डाव्या हातानं लुगड्याच्या निऱ्या उचलल्या आणि जाळ्यावरून सरळ पाय टाकून आत गेली.

आईचे खांदे खाली आले. सुतळी गुंडाळत ती मला हळूच म्हणाली, "नाई, तसं काही नाई." आणि उठून जाळं उचललं. जगात तिचा विश्वास असलेली बहुधा ती एकच गोष्ट होती. कल्ले खोटे असू शकत होते, पण तिची लेक जाळ्याशी खोटं वागेल हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

माझ्या डोक्यात मात्र तो एक श्वास अडकून राहिला. दुपारी मी पिहूला पाळीवर नेलं आणि आख्खी चिक्की तिच्या हातात दिली. विचारलं, "मम्मीले काय झालं पिहू?"

पिहूनं चिक्कीचा कोपरा चावला. "मम्मीच्या पोटात बाळ आहे. दादीला नाही सांगायचं."

"काहून?"

"दादी मशीनमधे बघते. मागचं बाळ मशीनमधे बघितलं, मग ते गेलं. मम्मी खूप रडली. पप्पा काहीच नाही बोलले." मग ती बगळ्याकडे बघत म्हणाली, "मम्मी म्हणते होळी झाल्यावर सगळ्यांना सांगू."

मशीन म्हणजे काय ते मला माहीत होतं. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर बंदीचा फलक वाचला होता. बंदी असलेल्या गोष्टी कुठे होतात तेही आमच्या गावातल्या बायका बोलत. पहिली मुलगी, मागचं गेलं, आता हे. होळीपर्यंत महिने वर गेले की मग कोणाला काही करता येणार नव्हतं, म्हणून ते पातळ फ्रॉक. आणि आईला सांगायचं नाही, कारण आई आणि ताईची सासू दर दोन दिवसांनी फोनवर बोलत. आईच्या तोंडी 'ईहीणबाई, ईहीणबाई' असायचं. ताईला वाटलं असणार, आई तिकडचीच. तिनं जाळं ओलांडलं ते बाळाला वाचवायलाच, आणि ओलांडताना तिच्या मनात काय झालं असेल ते मला आता कुठे उमगतं.

मी गप्प राहायचं ठरवलं. एक दिवस राहिलेही. पण आईला आता ताईची काळजी करायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून तिनं तिला कामाला लावलं. शिंगाड्यांचं पोतं तळ्यावरून घरी आणायचं होतं, मी आणि ताई गेलो. ओलं पोतं. ताईनं एक टोक उचललं, चार पावलं चालली आणि कमरेला हात लावून पाळीवर खाली बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, "ताई, राहू दे." ती म्हणाली, "काही नाई, पाय घसरला." आणि परत पोत्याला हात घातला.

त्या संध्याकाळी चुलीशी मी आईला सगळं सांगून टाकलं. पिहू बोलली ते शब्दन्शब्द.

आई बराच वेळ चुलीतलं लाकूड आत सारत राहिली. लाकूड आधीच आत होतं. मग म्हणाली, "माह्या समोर ओलांडलं नं तिनं?"

"हाव."

"माह्या समोर," ती परत म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून उठली. "तिले बोलू नको मले सांगितलं म्हणून. तिले वाटन तवा ते सांगन." आणि तिनं कोनाड्यातला मोबाईल उचलला.

आमच्याकडे तेव्हा फोनला रेंज सांदवाडीत तणसाच्या ढिगाशी उभं राहिलं तरच यायची. फोन दिसला की पिहू सोडायची नाही, म्हणून आईनं तिला कडेवर घेतलं. आई कोणाला फोन लावते आहे हे मला दिसत होतं आणि आपण काय करून बसलो ते कळत होतं. मी ढिगाच्या आडून कानोसा घेतला. आई मोठ्यानं, जवळजवळ रडक्या आवाजात बोलत होती. "काय सांगू ईहीणबाई, पोरीले लय ताप हाय. अंगाचा नुसता निखारा होऊन राहिला. डाक्टर म्हणे हलवायचं नाई. तुमी येऊ नका, गावात साथ हाय, तुमाले लागन. जावयालेई पाठवू नका. बरी झाली का मीच फोन करतो." आईला मी आयुष्यात इतकं सफाईनं खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी तणसातच बसले.

पण अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ताई भांडी घासत होती. तिच्यापर्यंत शब्द पोचत नव्हते. तिला दिसत होती फोनवर बोलणारी आई, ऐकू येत होतं ते अधूनमधून 'ईहीणबाई', आणि ढिगाआडून बाहेर येणारी मी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि परत खाली मान घालून घासायला लागली. मी तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. आईनं बोलू नको म्हटलं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं.

सकाळी मी उठले तर ताईची खाट रिकामी, दोन्ही पिशव्या नाहीत, पिहू नाही. बाबा तळ्यावर गेलेले. आईला वाटलं ती विहिरीवर गेली असेल. मी तशीच धावत सुटले. साडेसातची साकोलीची एसटी एकोडीहून यायची, धुक्यामुळे रोज उशीर. थांब्यावर पिंपळाखाली ताई उभी होती, पिहू झोपेतच पिशवीवर बसलेली.

"कुठी चालली?"

"जिथं मले कोणी पाहून राहिलं नसन तिथं."

मी धापा टाकत सगळं सांगितलं. आई काय बोलली, कशी बोलली, ताप, साथ, जावयाले पाठवू नका. ताई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"झालं? आईनं असंच सांगजो म्हटलं का?"

"आईची शपथ, ताई! आईले माहीतही नाई मी इथं आली ते."

"नंदे," ती शांतपणे म्हणाली, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं, "आठ दिवस झाले, तू माह्या पोरीले चिक्की चारून चारून इचारून राहिली. मले दिसत नाई असं वाटते का तुले? मी तुयावर काहून विश्वास ठेवू?"

जगातली एकमेव माणूस होते मी जिला दोन्हीकडचं खरं ठाऊक होतं, आणि माझ्या शब्दाला काडीची किंमत उरली नव्हती. धुक्यात एसटीचे दिवे दिसायला लागले. मी रडायला लागले. रडत म्हटलं, "मंग पिहूले इचार. ते आईच्या कडेवर होती."

ताई पिहूसमोर उकिडवी बसली, तिची टोपी नीट केली. आम्ही सगळ्यांनी त्या लेकराला विचार विचार विचारलं होतं. ताईनं तोवर एकदाही विचारलं नव्हतं. "पिहू, काल आजी फोनवर दादीशी काय बोलली?"

पिहूनं डोळे चोळले आणि सवयीनं हात पुढे केला. "काय देशील?"

"काही नाई देत. खरं सांग."

पिहूनं हात मागे घेतला. विचार केला. "आजी म्हणाली मम्मीला लय ताप आहे. दादी, तुम्ही नका येऊ. पप्पांना पण नका पाठवू." मग तिनं ताईच्या कपाळाला आपला थंड हात लावून बघितला. "ताप नाहीच आहे. आजी झूठ बोलली."

एसटी थांबली. कंडक्टरनं दार उघडून विचारलं, "बाई, येऊन राहिल्या का?" ताई तशीच बसलेली, पिहूचा हात कपाळावर धरून. त्यानं पुन्हा विचारलं. ताईनं मान हलवली. एसटी गेली.

घरी आलो तेव्हा आई दारातच होती. तिनं पिशव्या बघितल्या. या वेळी तोंडाकडे आधी बघितलं की नाही ते मला सांगता येणार नाही. ती पुढे आली, ताईच्या खांद्यावर आपली शाल टाकली आणि रागानं म्हणाली, "अंगात इतका ताप असताना धुक्यात कायले फिरून राहिली वं? जाय, आत जाऊन नीज." ताई तिच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली. पिहू म्हणत होती, "ताप नाहीये, ताप नाहीये," आणि तिचं कोणी ऐकत नव्हतं.

तो ताप होळीपर्यंत टिकला. कधी टायफॉइड झाला, कधी कावीळ. आई दर आठवड्याला फोनवर नवा आजार सांगायची आणि मी तिला आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून नावं काढून द्यायचे. पुढे भाऊजी आले, बाबांनी त्यांना अंगणात बसवून जे सांगायचं ते सांगितलं. बाळ पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याच घरी झालं. मुलगा झाला की मुलगी ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते कळल्याबरोबर वाचणारा मनात काहीतरी ताडून बघतो, मला माहीत आहे.

ताई माझ्याशी नीट वागते. सणाला साडी देते, माझ्या मुलांचे लाड करते, मला कधी उणा शब्द बोलली नाही. गेल्या आठवड्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यातूनच तिला फोन केला, सांगितलं सगळं नीट झालं, काळजी करू नको. "बरं झालं वं," ती म्हणाली. पाच मिनिटांनी पिहूचा फोन आला. ती आता पुण्याला नोकरी करते, तिचा आवाज हुबेहूब ताईसारखा झालाय. "मावशी," ती जरा संकोचून म्हणाली, "मम्मी विचारते आहे, आजोबांचं ऑपरेशन खरंच नीट झालं ना?"